बद्रीआप्पांनी मागितलेला रस्ता

आमची कॉलनी जिथं उभी आहे तिथं पूर्वी बद्रीनाथ आप्पांची ज्वारी व्हायची. प्लॉट पाडून त्यांनी ती विकली, पण स्वतः कुठं लांब गेले नाहीत. कॉलनीच्या तोंडाशीच दोन मजली घर बांधलं, दारात म्हशी ठेवल्या आणि आम्हा नोकरदारांच्या घरी पुढं कितीतरी वर्षं ते स्वतः दूध घालत राहिले. मी बँकेतून रिटायर झाल्यावर आमचं बसणं-उठणं वाढलं. तेव्हापासून त्यांची ही हकिगत थोडी त्यांच्या तोंडून, थोडी त्यांच्या बायकोकडून म्हणजे आवडाबाईंकडून, आणि बरीचशी डोळ्यांनी पाहून मला माहीत झाली.

या भागात आप्पा ओळखले जातात ते दुधामुळं नाही, रस्त्यामुळं. समोरचा बायपास रुंद झाला तो आप्पांच्यामुळं, असं लोक म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्यासमोर कुणी तसं म्हटलं की ते म्हशीचा किंवा पाण्याचा विषय काढतात. नवीन माणसाला वाटतं, आप्पांना मोठेपणा नको आहे.

त्यांची थोरली बहीण भागूबाई. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी ती पाळण्यात होती, आणि आप्पा तिच्या मागून पाच-सहा वर्षांनी झाले. आई शेतात जायची, त्यामुळं बद्री वाढला तो आक्काच्या कडेवर. तिला सोयगावकडं दिली होती. नवरा कापसाच्या शेतात पान लागून गेला, म्हणजे साप चावून, तेव्हा तिच्या पदरात वैजनाथ नावाचं रांगतं पोर होतं. वडील जाऊन तिला घेऊन आले आणि त्यांनी तिला रस्त्यापलीकडचा एक तुकडा दिला. पलीकडचा असं आता म्हणायचं. तेव्हा रस्ताच नव्हता, सगळं एकच शेत होतं, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पुढं मधून बायपास गेला आणि भावाचं घर अलीकडं, बहिणीचं पलीकडं झालं. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. दिवसातून चार ट्रक जायचे. आक्का हातात ताकाचा तांब्या घेऊन, डोक्यावरचा पदरही न सावरता, इकडून तिकडं यायची.

वैजनाथ शिकला नाही फार, पण हात चांगला होता. फरशी बसवण्याच्या कामाला लागला आणि बघता बघता नाव झालं. शहरात तेव्हा बंगले उठत होते, सिडकोत, ज्योतीनगरात, गारखेड्यात, आणि वैजनाथला बोलावणं असायचं. काम संपलं की उरलेले तुकडे मालक फेकून द्यायला सांगत. तो ते सायकलवर, नंतर मोटारसायकलवर, घरी आणायचा. आईच्या दोन खोल्यांना त्यानं त्याच तुकड्यांची फरशी केली. कुठं पांढरा संगमरवर, त्याला लागून काळा कडाप्पा, त्याच्या कडेला हिरवट ग्रॅनाइटची चिंचोळी पट्टी, मध्येच मोझॅक. एकासारखा दुसरा तुकडा नाही, पण सांधा असा की नखसुद्धा अडकू नये. भागूबाई पाहुण्यांना दाखवायची, "ही डाक्टरच्या बंगल्यातली. ही त्या वकिलाच्या देवघरातली, हिच्यावर पाय देऊ नगा." वैजनाथ हसायचा. म्हणायचा, "आई, साऱ्या शहरातले बंगले तुझ्या घरात आणून टाकले. आता तू झाडत बस."

त्याचं लग्न ठरत होतं. वैजापूरकडची एक मुलगी बघून झाली होती.

तोपर्यंत बायपासचं रूप बदललं होतं. शहर वाढत वाढत रस्त्याला येऊन भिडलं आणि ओलांडून पलीकडं गेलं. वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस, सोलापूरकडं जाणारे कंटेनर, शाळांच्या गाड्या, रिक्षा, सगळ्यांना तोच एक दोन पदरी रस्ता. डांबराच्या कडेला खाली मुरूम, वीतभर खोल. गाडी खाली उतरली की पुन्हा वर घेणं कठीण. संध्याकाळी चौकात गाड्या अशा तुंबायच्या की आक्काला ताक घेऊन यायचं तर बंपरांमधून वाट काढावी लागे.

अशाच एका संध्याकाळी वैजनाथ कामावरून परत येत होता. पुढं सगळं तुंबलेलं म्हणून तो मुरमाच्या पट्टीवरून हळूहळू निघाला. तेवढ्यात एका ट्रकवाल्यालाही तीच वाट दिसली आणि त्यानं चाक खाली घातलं. आप्पा त्या वेळी चौकातच होते. पोरगा जिवंत होता, बोलत होता. मामाला म्हणाला, "आईला आत्ताच सांगू नका." ॲम्ब्युलन्स आली, पण गर्दीच्या पलीकडं उभी राहिली. भोंगा वाजत होता आणि कुणाला हलायला जागा नव्हती. आप्पा एकेका गाडीच्या बॉनेटवर हात आपटत पळत होते, "सरका, बाबांनो, सरका." लोक सरकणार कुठं? शेवटी चौघांनी त्याला उचलून चालत नेलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता.

तिथून आप्पांचं आयुष्य रस्त्याला लागलं.

दहावा झाल्यावर ते गप्प बसले नाहीत. गावातली माणसं जमवली, कॉलन्यांतली जमवली. रस्ता कृती समिती काढली. मुंबईला गेले, नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी जाऊन उन्हात बसले, इथल्या एकाही ऑफिसची पायरी सोडली नाही. सातवी शिकलेला माणूस, पण बोलायला उभा राहिला की माणसं ऐकायची. "माझ्या भाच्याचा दवाखाना हाकेच्या अंतरावर होता," ते म्हणायचे, "आणि रस्ता नव्हता." पुढं काही बोलावं लागत नसे. प्रत्येक अपघातानंतर रास्ता रोको व्हायचा. मंडपाच्या मागं वैजनाथचा मोठा फोटो असे.

भागूबाई एकदाच तिथं आली. तिनं मंडपाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. भावाला बाजूला बोलावून म्हणाली, "बद्री, त्याला असं रस्त्यावर उभं नको करू रं. ऊन लागतंय."

"आक्का, तो फोटो हाय म्हून लोक थांबतात. त्याच्यासाठीच चाललंय ना हे."

"माझ्यासाठी म्हण की, त्याला काय आता?" ती म्हणाली आणि गाड्यांमधून वाट काढत घरी गेली.

फोटो तसाच राहिला. आवडाबाई म्हणतात, "मी तवाच यांना म्हनलं होतं, आक्काला काय पाहिजे ते एकदा इचारा. तर हे म्हनले, आता इचारायचं काय, रस्ता पाहिजे. आयकून घ्यायच्या तयारीतच नव्हते वो."

काही वर्षांनी रस्ता मंजूर झाला. सहा पदरी, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड, मध्ये दुभाजक. पेढे वाटले. मोजणीवाले आले आणि दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या खुणा करून गेले. दोन्हीकडून सारखीच जागा घ्यायची होती. त्या मोजणीत भागूबाईचा फक्त पुढचा ओटा जात होता. आप्पा तिला म्हणाले, "ओटा गेला तर गेला, मी मागच्या बाजूला बांधून देतो." ती बरं म्हणाली.

पण अलीकडच्या बाजूला एक मोठं मंगल कार्यालय होतं आणि त्याला लागून दुकानांचे दोन कॉम्प्लेक्स. त्यांची अर्धी-अर्धी इमारत जाणार होती. मालक कोर्टात निघाले. महिने गेले. खुणांवरचा लाल रंग उडाला. त्याच पावसाळ्यात चौकात आणखी दोघं गेली, एक नर्सिंग शिकणारी मुलगी आणि तिचा भाऊ. आप्पा त्या घरी जाऊन आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांना रस्त्याच्या कामावरच्या साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हता, आप्पाच सांगतात. त्यानं नकाशा पसरला, चहा मागवला. म्हणाला, "आप्पा, हे कोर्टात गेलं तर किती वर्षं अडकेल सांगता येत नाही. एकच मार्ग आहे. चौकापाशी रस्ता थोडा पलीकडं सरकवायचा. तिकडं सगळी मोकळी जमीन आहे."

"सगळी मोकळी नाय, साहेब."

"एकच घर आहे. दोन खोल्यांचं. तेही मला वाटतं तुमच्याच बहिणीचं. तुमच्या घरातला प्रश्न आहे, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. समितीनं हरकत घेतली नाही तर दिवाळीनंतर काम सुरू करतो."

आप्पांनी नकाशावरचा तो चौकोन पाहिला. पेन्सिलीनं काढलेला, करंगळीच्या नखाएवढा. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं. "मला त्या पोरीची आई दिसत व्हती, वो. तिनं माझ्या पायाला हात लावला होता. म्हनली, आप्पा, रस्ता करा. आता मी तिकडं बघू का दोन खोल्यांकडं बघू? आन खोल्या तर माझ्याच. आक्का माझीच. मी म्हनलं तर ती नाय म्हनायची नाय. याचीच मला खात्री होती, बघा. त्या खात्रीवर मी हो म्हनलो."

मंगल कार्यालयासमोर आंदोलनाला बसलो असतो तर, हा विचार त्यांच्या मनात घरी येताना आला. पण तोपर्यंत शब्द गेला होता.

दिवाळी महिन्यावर होती. आप्पा आक्काला सांगायला दोनदा रस्ता ओलांडून गेले आणि दोनदा कडब्याचं काहीतरी बोलून परत आले. शेवटी भाऊबीज आली. भागूबाईनं पाट मांडला, त्याच फरशीवर कणीची रांगोळी काढली, भावाला ओवाळलं. आप्पांनी ताटात साडी ठेवली आणि मान खाली घालूनच सगळं सांगितलं. रस्ता सरकला. घर जातंय. मागं जागा उरते, तिथं तिला यापेक्षा मोठं, स्लॅबचं घर बांधून देतो. मोबदलाही चांगला मिळेल.

निरांजन अजून तिच्या हातात होतं. आवडाबाई तिथंच होत्या. त्या सांगतात, "मला वाटलं, आता रडंल, नायतर ओरडंल. आक्कानं निरांजन ताटात ठिवलं आन इतकंच इचारलं, 'कवा ठरलं हे?'"

"महिना झाला," आप्पा म्हणाले.

"म्हंजे तू आधी हो म्हनून आला, आन मला आता सांगतोयस."

"आक्का, माणसं मरतायत गं तिथं."

"मला सांगतो व्हय रे बद्री? मला?" तिचा आवाज तेवढ्यापुरताच चढला. मग तिनं पदर खोचला. "बरं. दिलं जा. भाऊबीजंला भावानं घालायचं असतं, ह्या सालाला बहिणीनं घातलं म्हन. चल, जेवून घे, पुरनाची पोळी गार व्हायली."

आप्पा जेवले. उठून जाणं वाईट दिसलं असतं, म्हणून जेवले.

तिनं कागदावर अंगठा दिला. सामान फार नव्हतंच. दोन पेट्या, भांडी, देव, एक शेळी, वैजनाथची हत्यारांची पिशवी. आप्पांच्या घरी खालची खोली तिला रिकामी करून दिली. घर पाडायचं त्या सकाळी ती म्हशीला पाणी दाखवत होती. जेसीबीचा आवाज सुरू झाला तरी तिनं मान वर केली नाही. आप्पा एकटेच पलीकडं गेले.

भिंती विटांच्या, मातीतल्या. तासाभरात आडव्या झाल्या. पत्रे काढून ठेवले. राडारोडा टिपरमध्ये भरला. आणि मग खालून ती फरशी उघडी पडली.

मीही तिथं होतो. चौकातली बरीच माणसं बघायला जमली होती. चार भिंतींच्या आत अर्ध्या अंधारात पाहिलेली ती फरशी लख्ख उन्हात पहिल्यांदाच दिसत होती. जेसीबीवाला पोरगा शहागंजकडचा, त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरून आला. "क्या काम है यार," तो म्हणाला. "किसने बिठाया?" आप्पांचा चेहरा मी पाहिला. त्या माणसाला त्या क्षणी कळलं होतं की मागं स्लॅबचं घर बांधून देतो म्हणताना आपण काय देऊ शकणार नव्हतो. इतकी वर्षं त्या फरशीवर बसून जेवले, आणि ती काढून ठेवावी हे त्यांना सुचलं नव्हतं. आक्का बोलली नव्हती. आप्पांनीही विचारलं नव्हतं.

त्यांनी पहार मागितली. धोतर वर खोचून गुडघ्यावर बसले आणि वकिलाच्या देवघरातल्या त्या संगमरवराच्या कडेला पहारेचं टोक लावलं. तुकडा निघाला नाही, मधून तडकला. दुसरा लावला, त्याचा कोपरा उडाला. हळूहळू ठोकून बघितलं, पाणी टाकून बघितलं. दोन-तीन गवंडी पुढं झाले, त्यांनीही प्रयत्न केला. वैजनाथनं काम पक्कं केलं होतं. आईचं घर म्हणून खाली सिमेंट हात न आखडता घातलं होतं.

"आप्पा," तो जेसीबीवाला हळू आवाजात म्हणाला, "फोडनेका बोले तो फोडताऊं. निकलनेका नै ये. मैं भी क्या करूं, पीछे रोलर खडा है."

आप्पांनी तरी तासभर सोडलं नाही. हाताला फोड आले. शेवटी समितीतल्याच दोघांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. साहेबांचा माणूस घड्याळ बघत होता, आणि त्याचीही चूक नव्हती, रस्ता लवकर करा म्हणून वर्षानुवर्षं ओरडणारे आम्हीच होतो.

संध्याकाळी आक्कानं त्यांचे हात पाहिले. काही न विचारता हळद-तेल लावलं.

मागच्या बाजूला घराचा पाया खणायला आप्पांनी लगेच माणसं लावली. भागूबाईनं त्यांना काम करू दिलं, चहा दिला. पाया जोत्यापर्यंत आला तेव्हा एक दिवस तिनं पेटी भरली. सोयगावला दिराचं कुटुंब होतं, पुतणे होते, जमिनीत तिचा वाटा कधी कुणी नाकारला नव्हता. तरणेपणी जे गाव सोडलं तिथं ती सत्तरीत निघाली.

आप्पा बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. "आक्का, राग धरून जाऊ नको," एवढं त्यांना म्हणता आलं.

"राग नाय रे बद्री. तुझ्यावर कशाचा राग? तू काय वाईटासाठी केलं?" ती म्हणाली. "पन मला आता त्या रस्त्याकडं तोंड करून झोपवत नाय."

रस्ता झाला. सुंदर झाला, खोटं कशाला बोला. सहा पदर, दिवे, मध्ये दुभाजकात कण्हेर. उद्घाटनाला आप्पांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. इतकी वर्षं माईकसमोर न अडखळलेला हा माणूस उभा राहिला, "सगळ्यांनी सांभाळून गाड्या चालवा," म्हणाला आणि खाली बसला. लोकांना वाटलं, भारावले.

पहिली दोन-तीन वर्षं खरोखर मोकळी गेली. अपघात कमी झाले, हे मी चौकात राहणारा माणूस म्हणून सांगतो. मुलं सर्व्हिस रोडनं शाळेत जायला लागली. मग हळूहळू शहरातल्या सगळ्यांनाच हा रस्ता सापडला. जालना रोडनं जाणारे इकडून जायला लागले. रस्ता आहे म्हणून डोंगरापर्यंत नव्या सोसायट्या आल्या, सोसायट्या आल्या म्हणून मॉल, हॉस्पिटलं, आणखी दोन मंगल कार्यालयं. एका संध्याकाळी मी फिरायला बाहेर पडलो तर सहाच्या सहा पदर भरलेले आणि गाड्या जागच्या जागी उभ्या. आप्पा फाटकात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "आधी दोनच रांगा होत्या. आता सहा हायेत," आणि आत गेले.

भागूबाई परत राहायला आली नाही. मग दर भाऊबीजेला आप्पा सोयगावला जायला लागले. लाल डब्यात बसून, सिल्लोडवरून. तिकडं ती बरी होती. पुतण्यांची पोरं तिच्याभोवती असत, अंगणात शेळ्या होत्या, वेचणीच्या दिवसात ती अजून शेतात जाऊन बसे. प्रत्येक वेळी आप्पा मनाशी ठरवून जात की आज म्हणायचं. आक्का, चुकलो मी. तुला विचारायला पाहिजे होतं. तिथं गेलं की कापसाचा भाव निघे, तिचे गुडघे निघत, आवडाबाईची साखर निघे. ओवाळून झालं की जेवण, जेवण झालं की बसची वेळ. माणूस हजार लोकांपुढं बोलला, पण एका म्हाताऱ्या बहिणीपुढं त्याच्या तोंडातून तेवढं वाक्य येईना.

एका वर्षी तिनंच विषय काढला. वाती वळता वळता विचारलं, "काय रे, आता तरी तिथं गाड्या थांबत नसतील?"

खोटं बोलावं असं आप्पांना क्षणभर वाटलं. पण ती बघत होती. "थांबतात आक्का. पहिल्यासारख्याच. पण माणसं मरत नायत तेवढी."

"तेवढी म्हंजे?"

"लई कमी. वर्षाकाठी एखादं."

तिनं मान हलवली. "मग बरं झालं की रे," ती म्हणाली. "कुनाचं तरी पोरगं घरी पोचतंय." आणि तिनं पुढची वात घेतली.

आप्पांनी हे मला परत आल्यावर सांगितलं. म्हणाले, "तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी बोललो असतो वो. ती बरं झालं म्हनली, मग मी काय बोलू?"

त्यानंतरच्या थंडीत ती गेली. दोन दिवस ताप होता, फारसं कुणाला कळलंही नाही. आप्पा मातीला पोचले, खांदा दिला. तिच्या पेटीत वैजनाथची हत्यारं तेल लावून फडक्यात गुंडाळलेली होती. पुतण्या म्हणाला, "मामा, घेऊन जाता का?" आप्पा म्हणाले, "नको, इथंच कुनाच्या कामाला येतील." एका पुतण्याचा मुलगा गवंडीकाम शिकत होता, त्याला दिली. परत आल्यावर महिनाभर ते दूध घालायला आले नाहीत. मुलगा येई. पुढं त्यांनी ते काम सोडलंच.

गेल्या वर्षी आमच्या चौकात उड्डाणपुलाचं घाटत होतं. कॉलन्यांतली मंडळी जमली आणि साहजिकच आप्पांकडं गेली. मीही बरोबर होतो. नवीन समिती करायची, आप्पांनी पुढं राहायचं, त्यांच्या नावाला वजन आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. आप्पांनी ऐकून घेतलं. पूल नको असं ते म्हणाले नाहीत. पुढं राहायला मात्र नाही म्हणाले. मग विचारलं, "खांब कुठं येनार?"

कुणीतरी मोबाइलवर नकाशा दाखवला. चौकाच्या कोपऱ्यावर, लिंबाखाली, जिथं द्वारकाबाईची चहा-पोह्यांची टपरी आहे, तिथं एक खांब येत होता.

"तिला सांगितलं?"

"अहो आप्पा, टपरी आहे ती. अतिक्रमणच. ती कुठंही हलेल," एकजण म्हणाला. "आधी मंजूर तर होऊ द्या."

मंडळी उठली. मी मागं रेंगाळलो, तेव्हा ते चपला घालत होते. मला म्हणाले, "चला, चहा घेऊ."

आम्ही सर्व्हिस रोडनं चौकात गेलो. संध्याकाळची वेळ, रस्ता भरलेला, भोंगे चाललेले. द्वारकाबाईनं दोन कप पुढं केले. आप्पांनी तिला पुलाचं सांगितलं, ओरडूनच सांगावं लागलं. मग म्हणाले, "बाई, तुला काय वाटतं? तुझं इथून हललं तर कुठं बरं पडंल? काय पाहिजे तुला?"

तिला ते ऑफिसतर्फे आले असावेत असं वाटलं. गाळणी आपटत ती म्हणाली, "मला काय इचारता? सगळं ठरवूनच येता तुमी लोक. तुमचं काय जातंय त्याच्यात?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर आप्पांनी हातानं थांबवलं. चहा संपवला, आणि उठताना एवढंच म्हणाले, "ठरलं नाय अजून, बाई. म्हून तर आलो. मी उद्या येतो परत."

दुसऱ्या दिवशीही ती नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, तिनं स्टूल पुढं केलं आणि टपरीला जवळ पडेल असा पाण्याचा नळ कुठं कुठं आहे ते त्यांना सांगायला लागली.